‘मला साखर आहे’ असं तिथेही म्हणतात

पत्र:

ताई, मी मूळची अंबाजोगाईची. बीडीएस झाल्यावर ह्यूस्टनला जनआरोग्याच्या मास्टर्ससाठी आले. आता पहिलं वर्ष संपत आलंय. दर शनिवारी एका मोफत दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासायला जाते. येणारे बहुतेक मेक्सिको, होंडुरास, एल साल्वादोरचे. कुणी घरं बांधणारे, कुणी हॉटेलात भांडी घासणारे. या लोकांच्या आरोग्यासाठीच काम करावं असं आता मनापासून वाटतं. हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषी देशांतल्या लोकांच्या, आरोग्याच्या प्रशिक्षण फेलोशिपच्या जाहिराती मी रोज उघडते, पण अर्ज भरताना हात थांबतो. मी हिस्पॅनिक नाही, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे, स्पॅनिश मोडकीतोडकी येते, डोक्यावर शिक्षणकर्ज आहे. आई फोनवर म्हणते, “आपल्याकडचे आजार संपले का गं?” आणि माझ्या मनात वेगळंच येतं: मी त्यांच्याच एखाद्या मुलीची जागा तर घेत नाही ना? काय करू?

उत्तर:

प्रिय अंबाजोगाईकर,

तुझ्या पत्रात ‘मी हिस्पॅनिक नाही’ आणि ‘मी एफ-१ वर आहे’ ही दोन वाक्यं एकाला एक लागून आली आहेत. त्यामुळे तुला ती एकच अडचण वाटते आहे. ती आधी वेगळी करू, कारण त्यातली एक अडचण बहुतेक ठिकाणी नसतेच आणि दुसरी मात्र खरी आहे.

जाहिरातीतली पात्रतेची ओळ सावकाश वाच. ‘हिस्पॅनिक आरोग्यात रस असलेले विद्यार्थी’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तेवढाच आहे. हिस्पॅनिक-सर्व्हिंग हेल्थ प्रोफेशन्स स्कूल्स ही विद्यापीठांची संघटना १९९६ पासून आहे. सॅन अँटोनिओच्या विद्यापीठाने चालवलेला ‘एक्सितो’ हा कार्यक्रम मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना लॅटिनो समाजातल्या कर्करोगावर पीएचडी करायला तयार करत आला. या सगळ्यांच्या मागे प्रश्न एकच होता. २०२० च्या जनगणनेत देशात ६ कोटी २० लाखांहून जास्त लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक म्हणून नोंदवलं. टेक्सासमध्ये ते ३९.३ टक्के होते आणि हिस्पॅनिक नसलेले गोरे ३९.७. त्यांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे, त्यांच्या भाषेत बोलणारे लोक त्या मानाने फार थोडे. तेव्हा आडनाव कुलकर्णी किंवा मुंडे आहे म्हणून कुणी तुला परत पाठवणार नाही.

नागरिकत्वाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो मी गोड करून सांगणार नाही. सरकारी पैशावरच्या बऱ्याच फेलोशिपना अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा दोन वर्षांचा पब्लिक हेल्थ असोसिएट प्रोग्राम फक्त नागरिकांसाठी. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे टी-३२ आणि एफ-३१ हे प्रशिक्षण अनुदानाचे प्रकार नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. तिथे सुरेख निबंध लिहूनही उपयोग नाही, आणि तू असल्या अर्जांत तुझे शनिवार-रविवार घालवलेस तर मला वाईट वाटेल. त्यात २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याने आपली नोकरदारसंख्या ८२ हजारांवरून ६२ हजारांवर आणायचं जाहीर केलं. त्यामुळे एखादा कार्यक्रम यंदा भरती करतो आहे का, हे जुन्या माहितीपत्रकावरून धरून चालू नकोस. फोन उचल आणि विचार.

आता उघड्या वाटा. ओराइज या संस्थेमार्फत भरल्या जाणाऱ्या संशोधन-प्रशिक्षणाच्या जागांची अट जाहिरातीगणिक वेगळी असते, काही जागा परदेशी विद्यार्थ्यांनाही चालतात. पण तुझ्या बाबतीत माझा भर दुसऱ्याच वाटेवर आहे. एनआयएचचं प्रशिक्षण अनुदान तुला मिळत नाही, तरी एनआयएचच्याच आर-०१ अनुदानावर चालणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पात तुला पगारावर घ्यायला नागरिकत्वाची अट नाही, काम करण्याची कायदेशीर परवानगी असली की झालं. ही गोष्ट आपली मुलं दोन-दोन वर्षं राहूनही ओळखत नाहीत, कारण ‘फेलोशिप’ या शब्दावरच नजर असते. काम तेच, गावं तीच, शिकायला मिळतं तेही तेच. नावाची पाटी तेवढी वेगळी.

आणि तुझ्या पदवीत प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, सक्तीचं आहेच. अभ्यासक्रमाचा भाग असल्यामुळे त्यासाठी सीपीटी, म्हणजे शिकत असताना काम करायची परवानगी, मिळू शकते. तिला साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं आणि ते तुझं होत आलंय. सीपीटी पूर्णवेळ बारा महिने झाली तर पुढची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, हातची जाते, म्हणून उन्हाळ्यापुरती घे. ओपीटी बारा महिन्यांची. पुढचे चोवीस महिने हवे असतील तर तुझ्या आय-२० वरचा, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या कागदावरचा, अभ्यासक्रमाचा कोड बघ: एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या, सरकारी यादीत आहेत, जनआरोग्याचा सर्वसाधारण कोड नाही. विभाग बदलायचा असेल तर आत्ताच, शेवटच्या सत्रात नव्हे. कर्ज डोक्यावर असताना या एका कोडवर दोन वर्षांचा पगार अवलंबून असतो.

कुठे जाशील? ह्यूस्टनमध्येच राहू नकोस, खाली ये. यूटी हेल्थच्या जनआरोग्य शाळेची एक शाखा ब्राउन्सव्हिलला आहे, अगदी सीमेवर, रिओ ग्रांदेच्या काठी. तिथे २००४ पासून कॅमरन काउंटी हिस्पॅनिक कोहॉर्ट चालू आहे, म्हणजे त्याच वस्तीतल्या त्याच लोकांना पुन्हा पुन्हा भेटून त्यांचं रक्त, वजन, साखर, यकृत तपासत राहायचं. त्याच खोऱ्यात वर स्टार काउंटीत मधुमेहावरचं संशोधन १९८० च्या दशकापासून सुरू आहे. मी स्वतः या खोऱ्यात अकरा वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझं मत एकतर्फी असेल. पण मराठवाड्यातली मुलगी तिथे किती लवकर रुळेल हे मला ठाऊक आहे. सांता रोसाला टेक्सासमधला शेवटचा साखर कारखाना होता. २०२४ मध्ये तो बंद पडला, कारण उसाला पाणी उरलं नाही. नदीच्या पाण्यावरून मेक्सिकोशी १९४४ चा करार आहे आणि त्यावरून दर दुष्काळात वाद होतो. हे सगळं तुला कुणी समजावून सांगायला लागणार नाही.

तुझी पदवी दाताची आहे, ती लपवू नकोस. पत्रात तू ती एका शब्दात उरकली आहेस. मधुमेहात हिरड्या खराब होतात आणि हिरड्या खराब असल्या की साखर आटोक्यात राहत नाही, हे तू शिकली आहेस. त्या खोऱ्यात दाताचा इलाज परवडत नाही म्हणून लोक पूल ओलांडून नुएवो प्रोग्रेसोला जातात. त्या छोट्या मेक्सिकन गावाचा बराचसा व्यवहारच दाताच्या दवाखान्यांवर चालतो. मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा विस्तार टेक्सासने केलेला नाही आणि विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त इथेच आहे. दात, साखर आणि सीमा या तिन्हींवर एकदम काम करणारा विद्यार्थी कुठल्याही प्रकल्पाला हवाच असतो. अर्जात पहिल्या परिच्छेदात हे लिही.

आता आईचा प्रश्न. तो रागाचा नाही, काळजीचा आहे. तिला हे सांगून बघ. तुझ्या शनिवारच्या दवाखान्यात बायका मधुमेहाला काय म्हणतात ते ऐकलं असशील. ‘तेंगो आसुकार’. मला साखर आहे. आपल्याकडे याहून वेगळं काय म्हणतात? मोठी भीती बसली की तिला ते ‘सुस्तो’ म्हणतात, आणि साखर सुस्तोमुळे लागली असं मानणारी माणसं तुला रोज भेटतील. बाळ किरकिरलं की ‘माल दे ओहो’, म्हणजे दृष्ट. आपण मीठमोहऱ्या ओवाळतो, ते अंगावरून अंडं फिरवतात. इंग्रजीत वाढलेला विद्यार्थी हे वहीत ‘श्रद्धा’ म्हणून नोंदवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तुझ्या आजीने दृष्ट काढलेली तू पाहिली आहेस, त्यामुळे तू त्या बाईशी भांडणारही नाहीस आणि तिची गोळीही चुकू देणार नाहीस. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांतला फरकही तुला शिकवावा लागणार नाही. साठीच्या माणसाला ‘तू’ म्हणायचं नसतं हे आपल्या हाडात आहे.

आईला आणखी एक सांग. २००० साली अमेरिकेत हृदयविकारावर मेसा नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात गोरे होते, काळे होते, हिस्पॅनिक होते, चिनी होते. आपण नव्हतो. आपली गणना व्हायला २०१० मध्ये मेसाच्याच धर्तीवर ‘मसाला’ हा वेगळा अभ्यास उभा करावा लागला, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आणि शिकागोत. तो करताना मेसाची पद्धत आयती हाताशी होती. एका समाजासाठी केलेलं काम दुसऱ्याच्या कामी येतं ते असं. आणि उलट दिशेनेही येतं. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतेक न शिकलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. ब्राउन्सव्हिलच्या वस्त्यांत ज्या ‘प्रोमोतोरा’ दारोदार जातात, त्या त्याच जातकुळीतल्या आहेत. जामखेड आणि तुझं गाव यांत काही तासांचंच अंतर आहे. तुझ्या वर्गात ते नाव किती जणांना माहीत आहे ते विचार, आणि नसेल तर एक तास मागून घे आणि सांग.

स्पॅनिशबद्दल मात्र मी कठोर होणार आहे. मोडकीतोडकी चालणार नाही. १९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांचा एक क्युबन मुलगा बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आला. घरचे म्हणत होते तो ‘इन्तोक्सिकादो’ आहे, त्यांच्या मते काहीतरी खाण्यात येऊन बाधलं होतं. डॉक्टरांनी त्याचा इंग्रजी अर्थ घेतला, नशेचं औषध जास्त झालं असं समजून उपचार केले. मेंदूत रक्तस्राव होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले, भरपाई ७ कोटी १० लाख डॉलरची झाली. खोलीत प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला भाषा कळते आहे. अर्धवट येणारी भाषा म्हणून घातक. तिथे भीती वाटायला हवी.

माझ्या हातून झालेलं सांगते. पहिल्याच वर्षी एका आजीच्या स्तनातल्या गाठीबद्दल बोलायचं होतं, दुभाषी मिळेना, आणि मी तिच्या दहा वर्षांच्या नातीला मध्ये घातलं. ती पोर ‘कर्करोग असू शकतो’ हे वाक्य आजीला सांगायला उभी राहिली आणि तिला ते सांगता येईना. तिने सांगितलं की डॉक्टरबाई म्हणतात सगळं ठीक आहे. मला तेव्हा कळण्याएवढी स्पॅनिश येत नव्हती. आजी परत आली ती चार महिन्यांनी. त्या चार महिन्यांसाठी मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. म्हणून सांगते: रोज एक तास, वर्षभर, माणसासमोर बसून बोलायचं. आणि परीक्षा देऊन पात्र ठरेपर्यंत प्रत्येक गंभीर गोष्टीला दुभाषी मागायचा, लाज न बाळगता.

पुढे तुझ्या लक्षात येईल की स्पॅनिशही पुरत नाही. ग्वातेमालाहून आलेल्या बाईची घरची भाषा माम किंवा किचे असते, ओआहाकाहून आलेल्या शेतमजुराची मिश्तेक. कागदावर हे सगळे हिस्पॅनिक. मेळघाटातल्या कोरकू बाईला आपण मराठी पत्रक देतो आणि ‘सांगितलं होतं तरी ऐकलं नाही’ म्हणतो, तसंच ते. हिस्पॅनिक या एका शब्दाखाली काय काय झाकलं जातं याचा एक चांगला पुरावा आहे. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या १६ हजारांवर लोकांना घेऊन केलेल्या एचसीएचएस-सोल अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण दक्षिण अमेरिकी मूळ असलेल्यांत १० टक्क्यांच्या आसपास आलं आणि मेक्सिकन मूळ असलेल्यांत १८ च्या. एकच सरासरी काढली असती तर हे दिसलंच नसतं. त्या अभ्यासाची माहिती संशोधकांना रीतसर अर्ज करून मिळते. मार्गदर्शकाला धरून त्यावर एक लहान प्रश्न सोडव, फेलोशिप मिळो न मिळो.

आणखी एक, मुलाखतीत हमखास निघणारं. हे लोक गरीब, विमा नसलेले, तरी त्यांचं आयुर्मान गोऱ्यांपेक्षा जास्त असतं. १९८६ मध्ये यावर पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं तेव्हापासून त्याला विरोधाभास म्हणतात. धूम्रपान कमी, निरोगी माणसंच स्थलांतर करतात, अशी कारणं दिली जातात. मग २०१९ मध्ये ८१.९ वर्षं असलेलं त्यांचं आयुर्मान कोविडच्या एका वर्षात चार वर्षांनी घसरलं. मांसाच्या कारखान्यात, शेतात, स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्याला घरून काम करता येत नव्हतं. विरोधाभासाचं कौतुक करणारा अर्ज मी बाजूला ठेवते. या घसरणीपाशी थांबणारा वाचते.

जागा घेण्याच्या शंकेबद्दल. ती आली हे मला आवडलं, पण तिचं उत्तर सरसकट नाही. एखादी जागा त्या वस्तीतल्या मुलांनी पुढे यावं म्हणून मुद्दाम राखलेली असेल, तर पात्र असलीस तरी अर्ज करू नकोस. तुझ्या शनिवारच्या दवाखान्यात नोंदी करणारी जी मुलगी असेल, तिला ती जाहिरात पाठव आणि अर्जाला मदत कर. जिथे काम करायला माणूसच मिळत नाही, तिथे तू कुणाचं काही घेत नाहीस. ब्राउन्सव्हिलला उन्हाळ्यात यायला रांग लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

एका गोष्टीसाठी मात्र मन तयार ठेव. लोक तुझ्यावर लगेच विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. १९४६ ते १९४८ मध्ये ग्वातेमालात अमेरिकी सरकारच्या डॉक्टरांनी कैद्यांना, सैनिकांना जाणूनबुजून गुप्तरोगांची लागण केली. २०१० मध्ये ते उघड झालं तेव्हा अमेरिकेने माफी मागितली. गर्भनिरोधक गोळीची पहिली मोठी चाचणी १९५६ मध्ये पोर्तो रिकोच्या बायकांवर झाली, त्यांना पुरतं न सांगता. तू बीड जिल्ह्यातली आहेस. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये इतकं गाजलं की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. संमतीपत्रावर अंगठा घेणं आणि संमती घेणं यांतला फरक तुला वर्गात शिकायची गरज नाही. निबंधात हेच लिही. ‘लहानपणापासून सेवेची आवड’ खोडून टाक. तुझ्या गल्लीतल्या, कमी वयात गर्भपिशवी काढलेल्या एखाद्या बाईशी तू कधी बोलली असशील, तर नाव न घेता तिच्याबद्दल लिही, आणि तिथून ह्यूस्टनच्या त्या शनिवारपर्यंत ये. बोलली नसशील तर बनवून लिहू नकोस.

पैशांचं थोडक्यात. अर्ज करण्याआधी विचार की मिळणारी रक्कम पगार आहे की स्टायपेंड, राहण्याची सोय आहे का, आरोग्यविमा कोण भरणार. एफ-१ वर स्टायपेंडमधून सहसा १४ टक्के कर आधीच कापतात. भारताशी असलेल्या करारामुळे विवरणपत्रात आपल्याला प्रमाणित वजावट घेता येते, ती विसरू नकोस. गाडीशिवाय खोऱ्यात काम होत नाही, तेव्हा कुणाबरोबर जाणार हे आधी ठरव.

आणि पासपोर्ट व आय-२० कायम जवळ. ब्राउन्सव्हिलहून ह्यूस्टनकडे परतताना महामार्ग ७७ वर सरिताला सीमा पोलिसांचा तपासणी नाका लागतो. तुला तिथे दोन मिनिटं लागतील. पण कागद नसलेली एखादी आई आजारी मूल घेऊन ह्यूस्टनच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ शकत नाही ती याच नाक्यामुळे. पहिल्या वेळी तिथून जाशील तेव्हा खिडकीबाहेर नीट बघ.

या सोमवारी तुमच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन दोनच गोष्टी विचार: उन्हाळ्याच्या सीपीटीची शेवटची तारीख आणि तुझ्या आय-२० वरचा कोड. दोन्ही उत्तरं मला लिहून पाठव. कोड कुठला आहे त्यावरून पुढचं पत्र लिहीन.

तुझी,
ताई